एका कान्याचा फरक

माझ्यासमोरच्या खुर्चीत बसणारा प्रत्येक माणूस पहिलंच वाक्य खोटं बोलतो. ‘‘मला तसं ऐकू येतं हो, ही घरातली माणसंच पुटपुटतात.’’ मी गंभीरपणे मान डोलावते. मग त्यांच्या पाठीमागे जाऊन उभी राहते आणि नेहमीच्या आवाजात विचारते, ‘‘चहा घेणार?’’ चहाला नाही म्हणणारा माणूस आमच्या तालुक्यात विरळा. उत्तर आलं नाही, की मी यंत्रं काढायला घेते.

मी ऑडिओलॉजिस्ट. हा शब्द लोकांच्या तोंडात बसत नाही, त्यामुळे डहाणू आणि तलासरीत मी कायम ‘कानवाल्या बाई’ राहिले. गुजराती बोलणारे ‘कानवाळां बेन’ म्हणतात. डहाणू रोड स्टेशनजवळ माझं छोटं क्लिनिक होतं, बाजाराच्या दिवशी मी कासाला जायची आणि दर बुधवारी तलासरीला, एका मेडिकल स्टोअरमागच्या खोलीत बसायची. आता क्लिनिक एका तरुण मुलीच्या हाती सोपवलंय, पण बुधवार काही सुटत नाही. जन्मही डहाणूचाच, वडील रेल्वेत, शेजार अर्धा गुजराती. त्यामुळे इकडची मिसळलेली बोली मला शिकावी लागली नाही. आमच्याकडे मराठी बोलतानाही कितीतरी लोक ‘ऐकू येत नाही’ असं न म्हणता ‘सांभळत नाय’ म्हणतात. गुजरातीत ऐकणे म्हणजे सांभळवुं, तिथून आलेला शब्द. मला तो इतका सवयीचा, की त्याच्याकडे कधी निराळं लक्षच गेलं नव्हतं.

लोकांना वाटतं, कानाचं मशीन म्हणजे चष्म्यासारखं. नंबर काढला, काच बसवली, निघाले. तसं असतं तर मी केव्हाच कंटाळले असते. कान किती गेलाय हे यंत्र सांगतं, पण मशीन कुठल्या प्रकारचं द्यायचं हे माणूस सांगतो, आणि तेही सरळ सांगत नाही. प्रकार मुख्यतः तीन. एक कानाच्या आत जाणारं, इवलंसं, बाहेरून दिसत नाही. दुसरं कानामागे बसणारं, त्यातून एक नळी कानात जाते. आणि तिसरी ती जुनी, खिशात ठेवायची किंवा गळ्यात अडकवायची डबी, वायरवाली. हल्ली ती फारशी कोणी घेत नाही. येणाऱ्या दहांतल्या नऊ जणांना पहिलं हवं असतं, कारण ते दिसत नाही. मला कुतूहल असतं ते दहाव्याचं.

आशागडचे एक निवृत्त टीसी होते. जन्मभर लोकांना ‘तिकीट दाखवा’ म्हणालेला माणूस, पण स्वतःचं मशीन कोणाला दाखवायची तयारी नाही. हट्टाने कानाच्या आतलं घेऊन गेले. महिनाभरात परत.

‘‘बाई, हे काढा आणि मोठं द्या. दिसेल असं.’’

‘‘का हो? ऐकू येत नाही का?’’

‘‘येतं. पण बाजारात गलका असला की एखादं वाक्य निसटतं. आधी मी कानाला हात लावायचो, तर लोक पुन्हा सांगायचे. आता त्यांना वाटतं, ऐकलं आणि उत्तर दिलं नाही. आधी मला बहिरा म्हणायचे, आता शिष्ट म्हणतात. त्यापेक्षा बहिरा बरा!’’

त्यांनी कानामागचं घेतलं, आणि रंगही लाल निवडला. ‘‘सिग्नल आहे,’’ म्हणाले. तेव्हापासून ‘दिसायला नको’ म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी ही गोष्ट सांगते. काही जण हसतात आणि तरी आतलंच घेतात.

सगळ्याच गोष्टी हसण्यावारी जात नाहीत. सायवनच्या एका आजोबांच्या घरी गेले होते, तेव्हा त्यांचं मशीन मला देव्हाऱ्यात दिसलं, गणपतीच्या शेजारी. मुंबईत नोकरी करणाऱ्या मुलाने तिथल्याच दुकानातून आणलेलं, अगदी बारीक, भारीतलं. आजोबांची बोटं नांगर धरून राठ झालेली. त्यातला सेल मसुराएवढा, तो त्यांच्या बोटांना लागतही नव्हता. ‘‘पोरानं इतक्या हौसेनं आणलंय, हरवंल म्हणून देवापुढं ठेवलंय,’’ म्हणाले. मुलगा फोनवर विचारायचा, ‘बाबा, चांगलं चाललंय ना?’ आणि आजोबा म्हणायचे, ‘हो हो.’ प्रश्न ऐकू आलेला नसायचाच. मी जरा आधी भेटले असते तर, असं मला अजून वाटतं.

त्यानंतर मी एक पद्धत ठेवली. कान तपासायच्या आधी समोर एक ताटली ठेवायची. तिच्यात मसूर, हरभरा आणि वाल. ‘‘यातला एकेक दाणा उचला आणि या बाटलीत टाका. बघू नका, नुसतं बोटांनी.’’ आत जाणाऱ्या मशीनचा सेल मसुराएवढा, कानामागच्याचा हरभऱ्याएवढा, जास्त जोराच्या मशीनचा वालाएवढा. ज्याला जो दाणा उचलता येतो, त्याला ते मशीन सांभाळता येतं. लोकांना वाटायचं बाई भविष्य सांगतात की काय. एका मावशींनी तर दाणे झाल्यावर हात पुढे केला होता.

तर अशाच एका बुधवारी जमनाबा आणि त्यांची सून वैशाली तलासरीच्या खोलीवर आल्या.

जमनाबा सत्तरीच्या पुढच्या, ठेंगण्या, चालताना गुडघ्यावर हात ठेवणाऱ्या. घरात गुजराती, बाजारात मराठी आणि सुनेशी दोन्हींची भेळ. सून सोलापूरकडची, जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीला शिकवणारी. इथे नोकरी लागली आणि इथल्याच, रेल्वेत काम करणाऱ्या मुलाशी लग्न झालं, त्याला दोन वर्षं झालेली. नवऱ्याची ड्युटी सुरतेला, सुट्टी मिळेल तेव्हा घरी. म्हणजे एरवी घरात या दोघीच. वैशालीचा आवाज इतका बारीक आणि मऊ, की पहिलीची पोरं हिला ऐकतात कशी हाच मला प्रश्न पडला.

बसता बसताच जमनाबांनी सांगून टाकलं, ‘‘बेन, मना पेली, ती डब्बी पायजे. वायरवाली. गळ्यात घालतात ती.’’

माझे कान टवकारले. दहावा माणूस सापडला होता.

‘‘डबी कशाला बा? आता किती चांगली मशीनं आलीत.’’

‘‘नाय. डब्बीच पायजे. उधव्याच्या बाजारात एका डोसाच्या गळ्यात बघितली मी.’’ डोसा म्हणजे म्हातारा. या डोशाची डबी त्यांच्या मनात चांगलीच भरलेली दिसत होती.

मी सुनेकडे पाहिलं. ती हलक्या आवाजात म्हणाली, ‘‘डबी द्या नाहीतर काहीही द्या मॅडम. फक्त त्यांचं त्यांना घालता-काढता येईल असं द्या. सेलसुद्धा त्यांनाच बदलता आला पाहिजे. कोणाची मदत लागायला नको.’’

‘‘तुम्ही आहात की घरात.’’

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मला हे चमत्कारिक वाटलं. एकाच घरात राहणाऱ्या दोघी. एकीला सगळ्यात जुनं मशीन हवंय, दुसरीला असं, की ज्याला तिचा हात अजिबात लागायला नको. दोघींचंही ‘का’ दोघी सांगत नाहीत.

ताटली पुढे केली. जमनाबांना मसूर काही उचलता आला नाही, बोटं सांध्यात वाकलेली होती. हरभरा जमला. थोडा वेळ लागला, पण जमला. वाल तर त्यांनी सोलायला घेतल्यासारखा पटापट टाकला. मग हेडफोन लावून कान तपासले. जाड, खालच्या पट्टीतले आवाज त्यांना तुमच्या-माझ्याइतके चांगले ऐकू येत होते. हायवेवरचा ट्रक, ढोल, पुरुषांचे आवाज, सगळं. वरच्या पट्टीतलं मात्र जवळजवळ गेलेलं. म्हणजे पक्षी, कुकरची शिट्टी, बोलण्यातले स, श, त, थ, आणि बारीक आवाजाच्या बायका. असे कान असलेला माणूस घरात फार बदनाम होतो. ‘पाहिजे तेव्हा बरोबर ऐकू येतं’ असं त्याच्याबद्दल बोललं जातं. बिचाऱ्याला खरंच अर्धंच ऐकू येत असतं, आणि अर्धं कुठलं, हे त्याच्या हातात नसतं.

मी हे सगळं वैशालीला समजावून सांगायला लागले, तर ती म्हणाली, ‘‘पण माझ्या मिस्टरांशी तर त्या छान बोलतात. माझंच तेवढं ऐकत नाहीत. काहीही विचारलं तरी नुसती मान हलवतात. सकाळी ‘भाकरी की भात’ विचारलं तरी ‘हो’. मी आपली भात लावते. मशीनचं यांनीच सांगितलं म्हणून घेऊन आले.’’ तेवढ्यात शाळेतून फोन आला आणि ती बोलायला बाहेर गेली.

मी खुर्ची जमनाबांच्या जवळ ओढली आणि जाड आवाज काढून विचारलं, ‘‘बा, खरं सांगा. डबीच कशाला?’’

त्यांनी दाराकडे पाहिलं. मग गळ्यातली, नसलेली डबी दोन बोटांत धरून उचलली आणि हळूच माझ्या ओठांसमोर आणून धरली. हात तसाच ठेवून माझ्याकडे बघत राहिल्या.

‘‘तो डोसा असंच करत होता बेन. बोलेल त्याच्या मोढ्यापुढं डब्बी धरायचा. आणि त्याला सगळं कळायचं.’’

‘‘मग तुम्ही कोणाच्या तोंडापुढे धरणार?’’

‘‘वहूच्या,’’ त्या म्हणाल्या. वहू म्हणजे सून, दीकरा म्हणजे मुलगा. ‘‘दीकऱ्याचं सांभळतंय. शेजाऱ्यांचं सांभळतंय. वहूचे ओठ हलतात, हसते गोड, आणि मना काय पण कळत नाय. मी आपली मान हलवते, तिला वाईट नको वाटायला. आख्ख्या फळियात इचारून दमली. वहू मना सांभळत नाय, काय उपाय हाय का? तर लोकं मेली मान खाली घालून गप बसतात! कोण काय सांगतच नाय.’’

फळिया म्हणजे आळी. मला हसू येत होतं. दोन वर्षं ही बाई आळीभर सुनेचा आवाज शोधत फिरत होती.

मी वर पाहिलं, तर दारात वैशाली उभी. फोन हातात, चेहरा उतरलेला.

‘‘ऐकलंत ना मॅडम?’’ ती म्हणाली. ‘‘आज तुम्हालाही सांगितलं. गावात सगळ्यांना हेच सांगत असतात. किराणावाल्या काकूंनी तर मला तोंडावर विचारलं, काय गं, सासूला बघत नाहीस का म्हणून. मी मिस्टरांना एका शब्दाने बोलले नाही. म्हटलं, त्यांच्याच आईबद्दल त्यांना काय सांगायचं? पण आता सोलापूरला बदली मागितलीये. मिळाली की जाणार. म्हणून म्हटलं, मशीन त्यांचं त्यांना घालता आलं पाहिजे.’’

‘‘काय सांगितलं त्यांनी मला?’’ मी विचारलं.

‘‘तेच. सून मला सांभाळत नाही.’’

इतकी वर्षं हा शब्द माझ्या कानावरून जातोय, पण त्या क्षणी तो मला पहिल्यांदा ऐकू आला. मी मेडिकलची एक कागदी पिशवी आणि पेन तिच्यापुढे सरकवलं. ‘‘तुम्ही शिक्षिका आहात ना? त्या काय म्हणाल्या ते जसंच्या तसं लिहा.’’

तिला वाटलं असणार, बाईंचं डोकं फिरलं. पण लिहिलं तिने, वळणदार अक्षरात. ‘सांभाळत’.

‘‘आता परत ऐका. बा, काय म्हणालात मघाशी? वहू काय?’’

‘‘वहू मना सांभळत नाय!’’ जमनाबांनी वैतागून ओरडून सांगितलं. किती वेळा सांगायचं एकेकाला, असा सूर.

वैशालीने पिशवीवरच्या अक्षरांकडे पाहिलं. मग पेन उचललं आणि ‘भा’चा काना हळूच खोडला.

‘‘गुजरातीत सांभळणं म्हणजे ऐकू येणं,’’ मी म्हटलं. ‘‘तुमचा आवाज त्यांना ऐकू येत नाही, एवढंच त्या सांगतायत. सगळ्या गावाला सांगतायत. गावातल्या मराठी माणसांनीही तुमच्यासारखाच काना जोडून घेतला, आणि ज्यांना शब्द बरोबर कळला त्यांच्याकडे उपाय नव्हता.’’

तिने पेनाला टोपण लावलं. मग म्हणाली, ‘‘आमच्या वर्गातली पोरं लिहितात ना असं. ‘आई मला सांभळते.’ मी रोज लाल पेनाने काना देते. मला वाटायचं, इथल्या लोकांना काना देता येत नाही.’’ डोळे पुसून ती हसली. ‘‘घरीसुद्धा मीच देत बसले होते.’’

जमनाबांना यातलं अक्षर कळलेलं नव्हतं. त्यांना सून रडताना दिसत होती फक्त. ‘‘काय झालं तिला? मी काय वाईट बोलली?’’ असं त्या मला विचारत होत्या. मी म्हटलं, थांबा, आता तीच सांगेल.

डबी मी दिली नाही. डबीने सगळेच आवाज मोठे होतात, ज्याची गरज नाही तेही, आणि वर पदर घासला की वादळ सुटल्यासारखा आवाज येतो. कानात घट्ट बसणारं मशीनही त्यांच्या कामाचं नव्हतं. ज्यांचे जाड आवाज शाबूत असतात, त्यांचा कान बुजवला की स्वतःचंच बोलणं हंड्यात तोंड घालून बोलल्यासारखं वाटतं. चार्जिंगवालं देणार होते, पण त्यांच्याकडे वीज केव्हा जाईल याचा नेम नाही. शेवटी कानामागे बसणारं, केसासारख्या बारीक नळीचं आणि हरभऱ्याएवढ्या सेलचं मशीन काढलं. लॅपटॉपला जोडून त्यातले फक्त वरच्या पट्टीतले आवाज वाढवले आणि त्यांच्या कानावर चढवलं.

जमनाबा नाराज होत्या. ‘‘हे इवलंसं? आणि वहूच्या मोढ्यापुढं कसं धरू?’’

‘‘धरायचं नाही. वैशाली, बोला काहीतरी. आवाज चढवू नका. रोज बोलता तसंच.’’

आता ती सासूसमोर हात जोडून उभी राहिल्यासारखी उभी. माफी मागेल की काय असं मला वाटलं. पण दोन वर्षं रोज जे विचारत होती तेच तिच्या तोंडून निघालं, त्याच मऊ आवाजात.

‘‘बा, भाकरी की भात?’’

जमनाबा दचकल्या. हात कानाकडे गेला. सुनेच्या तोंडाकडे त्या अशा बघायला लागल्या, की जणू ती आत्ताच घरात आली होती.

‘‘हें? रोज हे इचारतेस तू?’’

‘‘हो.’’

‘‘आणि मी काय सांगते?’’

‘‘हो म्हणता. मग मी भात लावते.’’

‘‘अरे देवा!’’ म्हातारीने कपाळावर हात मारला. ‘‘भात खाऊन खाऊन जीव कंटाळला माझा! लग्न होऊन आलीस, पयल्या दिवशी ज्वारीची भाकर केली होतीस. तुमच्याकडची, पातळ. मना बहु भावली ती. परत केलीसच नाय. मना वाटलं, वहूला भात आवडतो.’’

वैशाली तिथेच मटकन खाली बसली आणि सासूच्या मांडीवर डोकं ठेवून हसायला लागली. मग रडली, मग पुन्हा हसली. जमनाबा तिच्या पाठीवर हात फिरवत होत्या आणि माझ्याकडे बघून म्हणत होत्या, ‘‘आवाज केवढा गोड हाय बेन हिचा.’’ बाहेर पुढचे पेशंट खोळंबले होते. मी त्यांना अजून थोडं खोळंबू दिलं.

काही आठवड्यांनी वैशाली सेल घ्यायला आली, एकटीच. मी विचारलं, बांना सेल बदलता येतो ना? ‘‘येतो की,’’ ती म्हणाली. ‘‘पण मीच बदलते.’’ बदलीचा अर्ज मागे घेतल्याचं तिने जाता जाता सांगितलं, भाजी घेतली म्हणावं तितक्या सहज.

दारापर्यंत गेली आणि वळली.

‘‘मॅडम, एक सांगायचं राहिलं. बा आता फळियात सगळ्यांना काय सांगत फिरतात, माहीत आहे? ‘आता वहू मना सांभळते.’’’

‘‘मग? तुम्ही काना दिला की नाही?’’

‘‘नाही,’’ ती म्हणाली. ‘‘तो ज्याचा त्याने द्यावा.’’